उमरी रस्त्यावरचे दुकान आणि सदुसष्ट ग्रॅम

मी, मैना देवमन तायडे, वय सत्तावीस, अविवाहित, धर्माने बौद्ध, येथील सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, राहणार राजापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही. लहानपणच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया मुंबईस येत्या १० फेब्रुवारीला ठरली आहे. अशा शंभर शस्त्रक्रियांत किती रुग्ण दगावतात हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितलेला आकडा लहान आहे, पण शून्य नाही. हे पत्र त्या आकड्यापुरते आहे. ते लिहावे म्हणून कोणी मला भरीस घातलेले नाही.

माझ्यामागे वाद होईल अशी एकच गोष्ट आहे. अकोल्यास उमरी रस्त्यावर माझी जागा आहे. तिच्या पुढच्या भागात खुशालराव ढोरे यांचे किराणा दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत माझी आई राहते. वऱ्हाड एकभाव भांडार या कंपनीला आपल्या शाखेसाठी ती संपूर्ण जागा हवी आहे. खुशालरावांनी तिथे राहावे की भांडाराने यावे, याचा निर्णय कलम ६ मध्ये आहे. ज्यांना तेवढेच पाहायचे असेल त्यांनी तेवढेच वाचावे. बाकीची कलमे लहान आहेत.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम २. या पत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण शकुन वासनिक, परिचारिका, हिने करावी. तिला विचारले आहे. ती म्हणाली, "करीन, पण तू हे इतकं नीट अक्षरात लिहितेस ते पाहून मला राग येतो." तिची संमती मी यात धरली आहे.

कलम ३. पोस्टातली बचत आणि भविष्यनिर्वाह निधी आईला, म्हणजे श्रीमती पंचफुला देवमन तायडे यांना द्यावा. आईला अक्षरओळख नाही. पैसे काढताना शकुनने बरोबर जावे आणि अंगठा कशावर घेत आहेत ते आधी मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. माझ्या वस्तू. मनगटी घड्याळ शकुनला. ते दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते, तिने रोज मागे करावे. सायकल शकुनच्या धाकट्या बहिणीला. पुस्तके वलगावच्या शाळेला, कारण आईचे माहेर वलगाव आणि मी चौथीपर्यंत तिथे शिकले. लहान काट्याचा तराजू, पितळी वजनांच्या पेटीसह, त्याच शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षकांना. पेटीतले दोन ग्रॅमचे वजन पडून चेपले आहे, ते वापरू नये. हा तराजू मी पहिल्या पगारातून घेतला होता. पुढे त्याचा उल्लेख येईल, आणि तो मला घरात का ठेवायचा नाही हेही कळेल.

कलम ५. अचलपूरच्या ज्या गृहस्थांनी १९६४ साली मला पाहिले आणि नंतर पत्र लिहून माझ्या हृदयाचा अहवाल मागवला, त्यांना तो मी सही-शिक्क्यानिशी पाठवला होता. त्यांनी पोच दिली नाही. त्यांना काही द्यायचे नाही आणि कळवायचेही नाही. माझी आत्या माणिकबाई हिने तेव्हा चार ठिकाणी सांगितले की पोरगी जास्त शिकली म्हणून तिचे काळीज बिघडले. तिला माझे हिरवे लुगडे द्यावे. ते तिला आवडले होते. मी ते एकदाच नेसले आहे.

कलम ६. उमरी रस्त्यावरची जागा, रुंदी अठरा फूट, लांबी बेचाळीस फूट, वरील बांधकामासह.

(अ) ही जागा माझे वडील देवमन यांनी १९४४ साली घेतली आणि जाण्यापूर्वी माझ्या नावे केली. ते कापसाच्या जिनात फिटर होते. तेव्हा तिथून पुढे शेते होती. १९५२ साली त्यांनी पुढचा भाग किराणा दुकानासाठी द्यायचे ठरवले. तीन जण विचारायला आले. वडिलांची अट भाड्याबद्दल नव्हती. ते म्हणाले, "माह्या बायकोले पुडी हातात द्याची. वरून टाकाची नाई. माल सगळ्याइले देता तसाच द्याचा." दोघे उठून गेले. तिसरे खुशालराव. त्यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "देऊ." त्यासाठी एक दिवस लागला, हे मी विसरलेले नाही. पण ते आले, हेही खरे आहे.

वडिलांनी मग दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक हात रुंद खिडकी पाडली. आई आतून फळीवर टकटक करते, जिन्नस सांगते, आणि खुशालराव पुडी तिच्या हातात देतात. पंधरा वर्षे हे असेच चालले आहे. आईला आता उजव्या डोळ्याने दिसत नाही आणि डाव्याने थोडे दिसते. तिला दुकानापर्यंत चालत जावे लागत नाही, आणि लागेल तेवढेच घेता येते. तिचा हिशेब चिमटीचा आणि मुठीचा आहे.

(आ) भांडाराबद्दल माझे मत चांगले आहे आणि ते मी लपवत नाही. १९६१ साली नोकरीस लागल्यावर मी प्रथमच भांडाराच्या अमरावतीच्या शाखेत गेले. भिंतीवर भावाचा फलक होता. सगळे एकाच फळीसमोर उभे होते. मी सवयीने थोडी मागे उभी राहिले. विक्रेत्याने विचारले, "ताई, काय देऊ?" मी साबण सांगितला. त्याने तो हातात दिला, पावती दिली आणि म्हणाला, "आणखी काय?" माझ्या वडिलांना जी गोष्ट अट घालून मिळवावी लागली ती तिथे कोणालाही न मागता मिळत होती. तेव्हापासून माझे सगळे सामान मी भांडारातूनच घेते. त्यांचे वजन मी अकरा वेळा तपासले आहे. ते एकदाही कमी भरले नाही.

लहान दुकानदार आपला माणूस असतो म्हणून त्याच्याकडून घ्यावे, असे पुष्कळ लोक म्हणतात. तो कोणाचा आपला असतो आणि कोणाचा नसतो, हे त्यांनी माझ्या आईला विचारावे. त्यामुळे खाली जे ठरवले आहे ते लहान दुकानावरच्या मायेने ठरवलेले नाही. त्याची कारणे वेगळी आहेत.

(इ) पहिले कारण लिहायला मला दोन कागद फाडावे लागले.

१९६२ सालच्या दिवाळीत मी अकोल्यास घरी गेले होते. तराजू बरोबर होता. खिडकीतून घेतलेली तूरडाळ मी सहज तोलली. एक किलो असावी अशी माझी समजूत होती. ती भरली नऊशे तेहतीस ग्रॅम. दुसऱ्या दिवशी साखर तोलली, तीही तेवढीच भरली. तिसऱ्या दिवशी ज्वारीचे पीठ, तेही तेवढेच. तीन मोजण्या, फरक एका ग्रॅमच्या आत. हा हाताचा दोष नव्हता. जुना ऐंशी तोळ्यांचा शेर बरोबर इतकाच भरतो. खुशालराव किलो म्हणून शेर देतात आणि किलोमागे सदुसष्ट ग्रॅम स्वतः ठेवतात, असा निष्कर्ष मी काढला. त्या वर्षीच्या एप्रिलपासून शेराची वजने वापरण्यास मनाई होती. मी वजन-मापे खात्याला अर्ज लिहिला, तिन्ही मोजण्या जोडल्या, सही केली आणि अर्जदाराचे नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. घरी कोणाला सांगितले नाही.

निरीक्षक आले. शेराची वजने सापडली, ती त्यांनी जप्त केली आणि दंड केला. नव्या छापाची वजने येईपर्यंत दुकान अकरा दिवस बंद राहिले. त्यानंतर वस्तीत खुशालरावांचे नाव पडले, काटामाऱ्या. कोणी त्यांना नुसते "सदुसष्ट" म्हणून हाक मारू लागले. बरीच गिऱ्हाइके स्टेशनजवळच्या भांडाराच्या लहान शाखेकडे गेली. ती परत आली नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात मी घरी असताना आईने खिडकीवर टकटक केली आणि म्हणाली, "शेरभर गूळ द्या. किलो गिलो नोको मले." पलीकडून खुशालराव म्हणाले, "पंचफुलाबाई, शेराचं वजन सरकारनं नेलं. आता किलोच घ्या, नाईतं मले पुन्हा बंद ठेवतीन." मी आईला विचारले की ती शेर का मागते. ती म्हणाली, "मीच त्याले पयलेपासून सांगतलं होतं ना. मले किलो समजत नाई. मले शेर दे अन् शेराचेच पैसे घे. तो तसाच देत होता. कमी भाव लावून. मंग कोन्या मेल्यानं कागद केला, अन् माहा शेर गेला."

मी वजन तीनदा मोजले होते. भाव एकदाही विचारला नव्हता. शेराची वजने ठेवणे कायद्याने चूक होते. फसवणूक झालेली नव्हती. माझ्या अर्जात मात्र फसवणूक हाच शब्द होता. दवाखान्यात मी कोणाच्या रक्ताचा अहवाल असा दिला असता, अर्धी तपासणी करून, तर मी स्वतःच नोकरीचा राजीनामा दिला असता.

(ई) दुसरे कारण माझा चुलतभाऊ श्रावण. तो भांडाराच्या अमरावती शाखेत आहे, कष्टाळू आहे, आणि आईची काळजी करतो यात मला शंका नाही. त्याचे म्हणणे असे, "काकूले अमरावतीले घेऊन जाऊ. पक्की खोली, घरात नळ. जागा भांडाराले दिली तं मलेही मॅनेजर करतीन. त्या काटामाऱ्यासाठी काहून एवढी मोक्याची जागा अडवून ठेवाची?" हे तो माझ्यासमोर बोलला आणि मी गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणूनच तो शब्द त्याच्या तोंडी अजून आहे. माझ्यामागे तो कागद घेऊन येईल आणि आई अंगठा देईल, कारण तो तिला दिसायला देवमनसारखा वाटतो. अमरावतीत तिला खोली मिळेल, नळ मिळेल. पण ती भांडारात जाऊ शकणार नाही. तिला फलक वाचता येत नाही आणि तिथे पावकिलोच्या आत काही सुटे देत नाहीत. गेल्या वर्षी ती तापाने पडली तेव्हा सकाळी आठपर्यंत तिने चायपत्ती मागितली नाही, म्हणून खुशालरावांनी मागे येऊन दार वाजवले होते. भांडाराची ही कसूर नाही. ते त्यांचे काम नाही.

(उ) यावरून मी या महिन्याच्या सुरुवातीस मसुदा केला. त्यात असे होते की पुढचा भाग खुशालरावांना कायमचा बक्षीस द्यावा आणि माझ्या अर्जाची हकीकत माझ्या मृत्यूनंतर दुकानात वाचून दाखवावी. रविवार, २२ जानेवारीला मी तो मसुदा घेऊन अकोल्यास गेले आणि दुकानाच्या पुढच्या बाजूने जाऊन त्यांना वाचून दाखवला.

ते तेलाचा डबा पुसत होते. ऐकून झाल्यावरही पुसत राहिले. मग म्हणाले, "तो कागद तुहा होता?"

मी हो म्हणाले.

"सही करून?"

"सही करून. पण नाव कोणाला सांगू नये असं लिहिलं होतं, काका."

"मंग सही केलीच नाई ते." त्यांनी डब्याचे झाकण लावले. "चार वर्सं मी एकेकाच्या तोंडाकडे पाहून राहिलो, हा असंन का तो असंन. सहदेववर बी शक घेतला. त्याले उधार देनं बंद केलं. अन् तू आतमध्ये चहा पेत होती."

सहदेव गाडीवान तिथेच बाकावर बसले होते. ते म्हणाले, "तरीच म्हनलं, याले माहा एवढा राग काहून."

मी म्हणाले की पुढचा भाग त्यांच्या नावे करण्यामागे हेच कारण आहे.

"नोको मले. जागा देऊन मले गप बसवतं का? अन् हे वाचाचं कवा, तर तू मेल्यावर? तुह्या मयतीचं दुःख कराचं का माहं नाव साफ झालं म्हणून पेढे वाटाचे? जित्तेपनी सांग. आत्ता सांग. गिऱ्हाईक उभं हाये."

दुकानात तेव्हा सहदेव, भाजी विकायला आलेल्या दुर्गाबाई आणि ओळखीच्या दोन बाया होत्या. आतून आईने फळी सरकवली आणि विचारले, "काय सांगाचं हाये तिले?"

"तुमच्या शेराची गोष्ट हाये," खुशालराव म्हणाले. "कान देऊन ऐका."

रस्त्यावरून निवडणुकीच्या प्रचाराची जीप कर्णा लावून जात होती, ती जाईपर्यंत थांबावे लागले. त्या वेळात मी नाडी मोजली नाही, पण मोजली असती तर डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली नसती. मग मी उभ्याने सांगितले. १९६२ साली अर्ज मी केला, खुशालरावांनी कोणाला फसवले नव्हते, ते शेराला शेराचाच भाव घेत होते, ते न विचारता मी लिहिले, आणि चूक माझी. पाच वाक्ये झाली असतील.

दुर्गाबाई म्हणाल्या, "म्हंजे मी चार वर्सं टेसनापत्तर तंगड्या तोडत जाऊन राहिली ते फुकटच?"

"तिथं माल चांगला भेटते ना तुले," सहदेव म्हणाले.

"माल चांगला हाये. पन गुडघे माहे हायेत."

कोणी हसले. खुशालराव हसले नाहीत. आईने फळी लावून घेतली. रात्री जेवताना ती म्हणाली, "लोकायचं रगत घेते तं इचारून घेते ना? मले इचारलं असतं तं?"

(ऊ) म्हणून जुना मसुदा रद्द करून व्यवस्था अशी ठेवत आहे. संपूर्ण जागा आईकडे तहहयात राहील. तिला ती विकता, गहाण ठेवता किंवा भांडारास अथवा अन्य कोणास देता येणार नाही, आणि कोणीही तिचा अंगठा घेतला तरी तो या जागेपुरता निरर्थक समजावा. पुढचा भाग खुशालराव ढोरे यांच्याकडे भाड्याने राहील. बक्षीस त्यांनी नाकारले आहे. त्यांचे शब्द असे होते, "भाडं देतो तेच देईन, अन् देवमनशी जे बोली होती तेच राहू दे." ते स्वतः दुकान बंद करीपर्यंत त्यांना कोणी उठवू नये. आईनंतर जागा श्रावणच्या दोन्ही मुलींना समान मिळावी. त्यांना ती भांडारास द्यायची असेल आणि तोवर दुकान बंद झालेले असेल, तर माझी हरकत नाही. भांडार हे चांगले दुकान आहे.

श्रावणने याचा राग धरू नये. त्याला मॅनेजर व्हायचे असेल तर त्याची नोकरी त्यासाठी पुरेशी आहे, माझ्या आईचे घर त्यात घालण्याची गरज नाही. आणि यापुढे त्याने तो शब्द वापरू नये.

कलम ७. मला अग्नी द्यावा, बौद्ध पद्धतीने वंदना व्हावी. राख कौंडण्यपूरला नेण्याचे आत्याने सुचवल्यास नम्रपणे नको म्हणावे.

कलम ८. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि मी परत आले, तरी कलम ६ मी बदलणार नाही. अमरावतीत मी भांडारातूनच घेत राहीन. वर लिहिलेला तराजू मात्र परत आल्यावरही मी शाळेलाच देणार आहे.

कलम ९. खुशालरावांनी मला माफ केले, असे मला इथे लिहिता येत नाही, कारण ते तसे म्हणाले नाहीत. अकोल्याहून निघताना मी दुकानासमोर थांबले होते. त्यांनी एवढेच विचारले, "तू बंबईले असतानी मायजवळ कोन राहीन?"

मी म्हणाले, "अजून ठरलं नाही."

ते पुडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग ठरव. गाडीले टाइम हाये."

मी परत आत गेले आणि ठरवले. रात्री दुर्गाबाई आईजवळ निजतील. हे मृत्युपत्राचे कलम नव्हे, पण ठरले आहे म्हणून लिहिले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आणि पुन्हा वाचला. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली. या पत्रातून त्यांना काही मिळत नाही.

(सही) मैना देवमन तायडे

साक्षीदार :
१. (सही) वामनराव किसनराव गावंडे, मुख्य लिपिक, राहणार अमरावती
२. (सही) देवराव पंजाबराव खंडारे, शिक्षक, राहणार राजापेठ, अमरावती

स्थळ : अमरावती
दिनांक : २७ जानेवारी १९६७, शुक्रवार